तिसऱ्या बोअरचं पाणी

१

नमुनेवाला कारखान्यामागच्या काळ्या तळ्यात मेलेला सापडला तो गुरुवारी सकाळी आठ वाजता, आणि नऊ वाजायच्या आत तो दारू पिऊन मेला हेही ठरून गेलं. एवढी तत्परता त्या कारखान्यानं आजवर दुसऱ्या कुठल्याही कामात दाखवली नव्हती.

पंपवाल्या ताईंना निरोप आला तेव्हा त्या दुकानात तिसऱ्या बोअरची मोटर उघडून बसल्या होत्या. मोटर जळली होती आणि तिच्यात नवी तांब्याची तार भरायचं काम चालू होतं. नमुनेवाला म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, कारखान्यासाठी पाण्याचे आणि मळीचे नमुने घेणारा. रविवारी ही मोटर बोअरमधून वर काढताना पाइपाला खांदा द्यायला तोच आला होता. कारखान्याचा मॅनेजरही आला होता, पण फोटो काढून घ्यायला. दुरुस्तीचा खर्च कारखाना करणार होता, आणि असला खर्च फोटोशिवाय होत नसतो. सगळे गेल्यावर ताईंनी बोअरच्या तोंडावर लोखंडी झाकण ठेवून चार बोल्ट आवळले होते, कारण पोरांना बोअरमध्ये दगड टाकायची भारी हौस.

ताईंनी पाना खाली ठेवला आणि तशाच काळ्या हातांनी त्या भावाच्या घरी गेल्या.

भावाला ओसरीवर निजवलं होतं. डोकं आणि छाती तळ्यात, पाय काठावर, असा तो सापडला होता म्हणे. शर्टाला स्पिरिटचा भपकारा येत होता. पोलिसांनी वास घेतला, मान डोलावली आणि कागद केला. कारखान्याचा माणूस दारातच उभं राहून सांगून गेला, की अपघात कामाच्या वेळेबाहेरचा आहे, नशेतला आहे, तेव्हा कारखान्याचा त्याच्याशी संबंध नाही.

भावजय भिंतीला टेकून बसली होती. तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. "ताई, ते पीत असते तर मी आधी तुम्हालाच सांगितलं असतं," ती म्हणाली. "मी कशाला लपवू?"

ताईंना ते सांगायची गरज नव्हती. पंधरा वर्षं त्या वासात काम करून भावाला स्पिरिटचा वास आला तरी मळमळायचं. पण हे ऐकणार कोण? तो सदा नमुन्याच्या बाटल्या घेऊन हिंडायचा, म्हणून वस्तीतली पोरं त्याला बाटलीमामा म्हणायची. दुपारपर्यंत त्याच नावावर मोठी माणसं हसू लागली. भावाची मुलगी शाळेतून रडत आली. वर्गात तिला कोणी काय विचारलं ते तिनं सांगितलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

सोमवारी परवानगीची सुनावणी होती. कारखान्याला दुप्पट व्हायचं होतं. मळी आंबवायची, तिचं इथेनॉल काढायचं आणि गाड्यांच्या पेट्रोलमध्ये मिसळायला पाठवायचं, हा त्याचा धंदा. भाऊ त्या सुनावणीत उभा राहून आपली वही वाचणार होता. वस्तीच्या तिन्ही बोअरच्या पाण्याचे सात वर्षांचे आकडे त्या वहीत होते. आता भाऊ गेला होता, वही गायब होती, आणि वही सापडली असती तरी दारुड्याचे आकडे कोण धरतो? माणूस मेला, त्याचं नाव मेलं आणि त्याचं खरं बोलणंही मेलं. एका भपकाऱ्यात तिन्ही कामं झाली होती.

ताईंनी भावाचे गमबूट उचलून बाजूला ठेवले. तळव्यांना काळा चिकट थर होता आणि उंबऱ्यापासून बुटांपर्यंत मुंग्यांची रांग लागली होती. त्यांनी बूट झटकले आणि भिंतीआड ठेवून दिले.

तेवढ्यात मॅनेजरचा फोन आला. भावाच्या पिशवीत त्यानं बुधवारी घेतलेले नमुने सापडले होते. तिन्ही बोअरचं पाणी अगदी स्वच्छ होतं.

२

शुक्रवारी मॅनेजरनं ताईंना खुर्ची दिली, चहा मागवला आणि चेहरा पाडून दाखवला. भिंतीवर हिरव्या पानाचं मोठं चित्र होतं. खिडकीतून चिमणी दिसत होती आणि तिचा धूर काही हिरवा नव्हता.

तो बराच वेळ बोलला. जमिनीखालचं तेल उपसायचे दिवस संपले, आता इंधन शेतात पिकणार, हवा शुद्ध होणार, शेतकऱ्याला भाव मिळणार. सरकारनं ठरवून दिलेल्या दरानं सगळा माल उचलला जाणार, त्यामुळे तोट्याचा प्रश्नच नाही. ताईंनी ऐकून घेतलं आणि मग विचारलं, की या दरात पाण्याचे किती धरलेत?

"पाण्याचे?"

"हो. पाण्याचे. कारखाना यायच्या आधी वस्तीतली मोटर आठ पाइपांवर बसायची. आज बावीस पाइप लागतात. ते चौदा पाइप मी माझ्या हातानं वाढवलेत, म्हणून विचारते."

मॅनेजर म्हणाला, पाऊसमान कमी झालंय. ताई म्हणाल्या, पाऊस काय फक्त तुमच्या कुंपणाभोवती कमी झालाय? आणि एक लिटर इंधन काढताना दहा-बारा लिटर काळं पाणी मागं उरतं ते मागच्या तळ्यात जातं, तळ्याचा तळ गळतो, ते कुठल्या हिशेबात? शिवाय जे इंधन बनतं त्यात जोर कमी. तेवढ्याच टाकीत त्यांचा टेम्पो आता आधी थांबतो. म्हणजे गाडीवाल्यानं जास्त भरायचं, वस्तीनं काळं प्यायचं आणि भिंतीवर पान रंगवायचं.

मॅनेजरनं घड्याळाकडे पाहिलं. मग त्यानं कपाटातून तीन बाटल्या काढल्या. नियमाप्रमाणे प्रत्येक नमुन्याची जोडी असते, एक कारखान्याची, एक वस्तीची. ही वस्तीची जोडी. तुमचा भाऊ प्यायचा हे खरं, पण कामाला प्रामाणिक होता, असं तो म्हणाला. त्याचे शेवटचे नमुने सोमवारी सुनावणीत ठेवणार आहोत. त्याच्या आत्म्याला तेवढंच बरं वाटेल.

ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेलेल्या माणसाच्या टाळूवरचं लोणी खायचं आणि वर त्याच्या आत्म्याची काळजी करायची. पण त्यांनी बाटल्या उजेडात धरल्या.

पाणी स्वच्छ होतं. लेबलं पेन्सिलीनं लिहिलेली होती. भाऊ नेहमी पेन्सिलच वापरायचा, कारण स्पिरिटच्या कारखान्यात शाई टिकत नाही. एक थेंब पडला की अक्षर पसरतं. पहिलं लेबल, बोअर एक, बुधवार, दुपारी साडेतीन. दुसरं, बोअर दोन, पावणेचार.

तिसरं लेबल त्यांनी दोनदा वाचलं. बोअर तीन, बुधवार, दुपारी चार.

बुधवारी दुपारी चार वाजता तिसऱ्या बोअरची मोटर त्यांच्या दुकानातल्या टेबलावर पडलेली होती आणि झाकणाचे चार बोल्ट जागच्या जागी होते. ताईंनी बाटल्या पिशवीत घातल्या, चहा संपवला आणि उठल्या.

३

त्याच संध्याकाळी कारखान्याच्या प्रयोगशाळेचे प्रमुख भेटायला आले. त्यांना सगळे सर म्हणत. भावाला काम त्यांनीच शिकवलं होतं आणि भाऊ त्यांचं नाव घेताना आवाज खाली आणायचा. ते आले तेच घामाघूम होऊन. घर सापडेना, दोन ठिकाणी विचारावं लागलं, असं म्हणाले. खरं तर घर पहिल्या बोअरला लागूनच होतं.

सर रडले. खरंच रडले. भावजयीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "माझा उजवा हात गेला. बाटली कशी धुवायची, लेबल पेन्सिलीनं का लिहायचं, सगळं मी शिकवलं त्याला. एवढं एक व्यसन तेवढं मला कधी कळलं नाही."

भावजयीनं पाण्याचा पेला पुढे केला. सरांनी मान हलवली आणि स्वतःच्या पिशवीतून कारखान्यातून भरून आणलेली बाटली काढून दोन घोट घेतले. ताईंनी ते पाहिलं. त्यांनी मनात म्हटलं, शहाणा माणूस आहे, इथलं पाणी पीत नाही.

निघताना सरांनी चपला घालता घालता विचारलं, की त्याच्या वहीची दुसरी प्रत वगैरे घरात आहे का? सुनावणीत उपयोगी पडेल.

"वहीच सापडत नाही, तर प्रत कुठली?" भावजय म्हणाली.

सर हळहळले. पण ताईंना वाटलं, की त्यांच्या खांद्यावरचं काहीतरी उतरलं. एखाद्याच्या दुःखात असं उतरत नाही. त्या रात्रभर त्याचाच विचार करत राहिल्या, पण नुसत्या खांद्यांवरून कुणाला फाशी होत नाही.

४

शनिवारी सकाळी ताई बॉयलरवाल्याला गाठायला कारखान्याच्या मागच्या फाटकाशी गेल्या. तो वस्तीतच राहायचा, भावाच्या बरोबरीचा. पाळी संपवून बाहेर येताना त्यानं ताईंना पाहिलं आणि पाऊल अडखळलं.

एरवी तो बडबड्या. हिरव्या इंधनासाठी दिवसाला किती ट्रक कोळसा भट्टीत घालतो याचे विनोद करून माणसांना हसवायचा. आज जमिनीकडे बघत होता. ताईंनी बुधवारचं विचारलं. तो म्हणाला, पाळीवर होतो, भट्टीपुढून हललो नाही, काही पाहिलं नाही. ताईंनी विचारलं, तिसऱ्या बोअरवर कुणी दिसलं का?

"तिसऱ्या बोअरवर कोण जाईल, ताई? मोटर तर तुमच्याकडे. आमच्या हिला आठवडाभर दुसऱ्या बोअरवरून दोन खेपा जास्त घालाव्या लागतायत."

"भाऊ कुठं होता बुधवारी दुपारी?"

बॉयलरवाल्यानं मागं वळून फाटकाकडे पाहिलं. त्यानं हात खिशात घातले. "मला लेकरं आहेत," एवढंच बोलून तो चालू लागला.

ताई तिथूनच काळ्या तळ्यावर गेल्या. भाऊ जिथं सापडला तिथं त्या उकिडव्या बसल्या. काठाला काळा, चिकट थर साचला होता, अगदी बुटांच्या तळव्याला होता तसा. पोलिसांनी तेवढंच पाहिलं असणार. ताईंनी बोट बुडवून वास घेतला. आंबट, जळका वास. त्या तिथं बराच वेळ बसून होत्या आणि त्यांना काहीतरी खटकत होतं, पण काय ते सापडेना.

मग त्यांना घरची मुंग्यांची रांग आठवली. त्यांनी काठ डोळ्यांनी विंचरून काढला. पन्नास पावलं इकडे, पन्नास पावलं तिकडे. त्या काळ्या चिखलावर एकही मुंगी नव्हती. कशी असेल? मळीतली साखर आंबवून सगळी इंधनात गेली. तळ्यात येतो तो चोथा, ज्याला मुंगी तोंड लावत नाही. मुंग्या येतात गोड मळीवर, आणि ती गोड मळी सांडलेली असते एकाच ठिकाणी. आंबवणीघरात, टाक्यांच्या खालच्या खड्ड्यात, जिथं नमुनेवाला नमुना घ्यायला उतरतो.

भाऊ तळ्यावर मेलाच नव्हता. तो पायांना मळी लागलेली असताना कुठंतरी मेला होता आणि त्याला इथं आणून टाकलं होतं.

५

आंबवणीघराच्या खड्ड्याची भीती भावानंच एकदा त्यांना समजावून सांगितली होती. मळी आंबताना वायू सुटतो. त्याला वास नाही, रंग नाही, हवेपेक्षा जड, म्हणून तो खाली साचतो. एक मोठा पंखा तो बाहेर ओढत असतो. पंखा चालू असेल तर भीती नाही. बंद असेल तर खाली उतरलेला माणूस दोन-चार श्वासांत गुडघ्यावर येतो.

म्हणजे पंखा बंद होता, आणि नंतर कुणीतरी शर्टावर स्पिरिट ओतलं, पिशवीत बाटल्या भरून ठेवल्या. मॅनेजर, सर, बॉयलरवाला. तिघांनाही कारखान्यात कुठंही जाता येत होतं. ताई घरी येऊन भावजयीजवळ बसल्या आणि सगळं सांगून मोकळ्या झाल्या. भावजय ऐकत राहिली. मग तिनं ती तिसरी बाटली मागितली.

"ताई, हे पाणी कुठलं असेल?"

"बोअरचं नाही एवढं खरं. पण हे मी म्हटलं तर ते म्हणतील, दुसऱ्या कुठल्या दिवशीचं असेल, लेबल चुकलं असेल."

भावजय मोरीत गेली. तिनं तळहातावर थोडं पाणी घेतलं आणि साबणाची वडी दोनदा फिरवली. तिचा हात पांढऱ्या फेसानं भरून गेला. फेस मनगटावरून खाली ओघळला. ती त्या फेसाकडे बघत राहिली आणि गेल्या तीन दिवसांत पहिल्यांदा तिचा आवाज चढला.

"लग्न होऊन आले त्या दिवसापासून या वस्तीत साबणाला फेस आलेला मी पाहिला नाही. तिन्ही बोअरचं पाणी जड. कपडे घासून घासून बोटं सोलली आमची. हे पाणी या जमिनीतलं नाहीच, ताई. आजचं नाही आणि कुठल्याच दिवसाचं नाही."

ताईंनी तिचा ओला हात हातात घेतला. कारखान्यात जड पाण्यानं बॉयलरच्या नळ्या चोंदतात म्हणून पाणी हलकं करायचं यंत्र बसवलेलं होतं. त्याची जोडणी एकदा ताईंनीच दुरुस्त केली होती. तिथून दोनच पाइप निघत होते. एक बॉयलरकडे, दुसरा प्रयोगशाळेकडे.

मॅनेजरच्या खोलीत तर विकतचं पाणी यायचं. राहिले दोघे. ताईंनी तिन्ही लेबलं पुन्हा पाहिली आणि मग त्या एकाएकी हसल्या. ते हसणं पाहून भावजय घाबरली.

"सोमवारी सोबत चल," ताई म्हणाल्या. "आणि हातगाडी लागेल."

६

सुनावणीच्या सभागृहात कारखान्यानं भिंतीभर फलक लावले होते. हिरवी शेतं, हिरव्या गाड्या, कारखान्याचं समाजकार्य. वस्तीची माणसं मागे उभी होती. पुढे अध्यक्षबाई, शेजारी दोन अधिकारी, आणि समोरच्या ओळीत मॅनेजर आणि सर. बॉयलरवाला दाराशी उभा होता.

मॅनेजरनं तीन बाटल्या टेबलावर मांडल्या. कारखान्याच्या दिवंगत कर्मचाऱ्यानं घेतलेले शेवटचे नमुने, तो म्हणाला. सोबतचा कागद त्यानं वाचून दाखवला. नमुना जबाबदार अधिकाऱ्याच्या डोळ्यांदेखत घेतला तरच तो धरला जातो, म्हणून त्या कागदावर खाली ओळ असते, नमुने माझ्या उपस्थितीत घेतले. त्याखाली सरांची सही होती, दर आठवड्याला असते तशी.

ताई उठल्या. त्यांनी अध्यक्षबाईंना विचारलं, की सरांना एक गोष्ट विचारू का? बाईंनी मान हलवली.

"सर, बुधवारी चार वाजता तिसऱ्या बोअरवर तुम्ही भावाबरोबर होतात?"

सरांनी मनात हिशेब केला. नाही म्हटलं तर नमुने बाद, आणि नमुने बाद झाले तर सगळा आटापिटा फुकट. "होतो," ते म्हणाले.

"पाणी कसं काढलं?"

"नेहमीसारखं. मोटर चालू केली, पाच मिनिटं पाणी वाहू दिलं, मग बाटली तीनदा विसळून भरली. हे सगळं मीच त्याला शिकवलंय."

मागे वस्तीतून कुजबुज उठली. ताईंनी हातगाडीवरचं फडकं ओढलं. खाली मोटर होती, तिच्यातली तार अजून अर्धीच भरलेली.

"ही तिसऱ्या बोअरची मोटर. त्या बुधवारच्या आधीच्या रविवारपासून माझ्या दुकानात आहे. माझ्यावर विश्वास ठेवू नका. तो फलक बघा."

सगळ्यांनी माना वळवल्या. समाजकार्याच्या फलकावर मॅनेजर त्याच मोटरीवर हात ठेवून हसत उभा होता, आणि खाली त्याच रविवारची तारीख मोठ्या अक्षरात छापली होती.

ताई बोलत राहिल्या. बाटल्या खोट्या होत्या. खोट्या बाटल्या भरणाऱ्याला तिसरा बोअर बंद आहे हे माहीत नव्हतं. भावाला माहीत होतं, त्यानं पाइपाला खांदा दिला होता. मॅनेजरांना माहीत होतं, त्यांनी फोटो काढून घेतला होता; आलेल्या बाटल्यांची लेबलं तेवढी वाचली नव्हती. बॉयलरवाल्याला माहीत होतं, त्याच्या घरात दोन खेपा वाढल्या होत्या. वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

"माहीत नव्हतं ते एकाच माणसाला. सात वर्षं दर बुधवारी जो त्या बोअरवर हजर असल्याची सही करतो त्याला. सर, तुम्ही एकदाही आला नाहीत. आमच्या घराचा रस्ता तुम्हाला विचारावा लागला, आणि घर पहिल्या बोअरला लागून आहे. माझा भाऊ एकटा यायचा, एकटा नमुने घ्यायचा, आणि काळे आकडे तुमच्या हातात देत राहायचा. कागदावर ते गोरे कोण करायचं?"

सर म्हणाले, की हे दुःखानं बोलतायत. ताईंनी बाटलीतलं पाणी अध्यक्षबाईंच्या समोर एका वाडग्यात ओतलं आणि भावजयीनं पुढे होऊन त्यात साबण फिरवला. फेस वाडग्याबाहेर आला. दुसऱ्या वाडग्यात तिनं घरून आणलेलं बोअरचं पाणी ओतलं. त्यात साबणाच्या नुसत्या गाठी झाल्या. असलं हलकं पाणी कारखान्यात दोनच ठिकाणी येतं, ताई म्हणाल्या, भट्टीवर आणि प्रयोगशाळेत. मग त्यांनी भावाचे गमबूट टेबलावर ठेवले आणि मुंग्यांचं सांगितलं. शेवटी त्या दाराकडे वळल्या.

"आंबवणीघरातला पंखा कुणी बंद केला?"

बॉयलरवाला भिंतीला धरून उभा होता. "मी," तो म्हणाला. "दोन वाजता प्रयोगशाळेतून सरांचा फोन आला. म्हणाले, पंख्याचा आवाज येतोय, बंद कर. तो खाली आहे हे मला माहीत नव्हतं. ताई, लेकरांची शपथ, मला माहीत नव्हतं. नंतर सर म्हणाले, बटण तू दाबलंस, अडकशील तू. मग मी त्याला मळ काढायच्या ट्रॉलीत घातला आणि रात्री तळ्यावर नेऊन टाकला. वही सरांनी माझ्याच भट्टीत टाकली."

सरांचा एक हात खिशातल्या पेन्सिलीशी चाळा करत होता. ते कुणाकडे न बघता म्हणाले, "त्याला किती समजावलं मी. चारशे माणसं या कारखान्यावर जगतात. एका वहीपायी सगळं बंद पाडायला निघाला होता."

"चारशे जगतात म्हणून एकाला मारायचा?" ताई म्हणाल्या. "आणि मारून वर त्याला दारुडा करायचा? त्याच्या पोरीला शाळेत तोंड दाखवायला जागा ठेवली नाही तुम्ही. ज्याला वासानं मळमळायचं त्याच्या अंगावर ओतलंत. तो तुमचं नाव घेताना आवाज खाली आणायचा हो."

सरांनी पेन्सिल खिशात नीट खोचली. पोलिस त्यांना घेऊन गेले तेव्हाही ती तिथंच होती.

७

कारखाना दुप्पट करायची परवानगी थांबली. कारखाना थांबला नाही. मॅनेजरनं दुसऱ्या दिवशी पत्रक काढून एका व्यक्तीच्या कृत्याबद्दल दुःख व्यक्त केलं आणि हात झटकले. त्याच पत्रकाच्या कोपऱ्यात हिरवं पान होतं. रस्त्यावरच्या पंपावर गाड्या रांगेत उभ्या होत्या, आणि टाकी भरणाऱ्या कुणालाही ठाऊक नव्हतं, की आपण कुणाचं पाणी जाळत निघालोय. ताईंना त्या सगळ्यांचाही राग आला, आणि आपल्या टेम्पोतही तेच भरलंय हे आठवून स्वतःचाही आला.

शाळेच्या मास्तरीणबाईंनी मात्र वर्गासमोर सांगितलं, की या मुलीचे वडील दारू पीत नव्हते, ते पाणी तपासत होते. मुलगी घरी येऊन एवढंच बोलली आणि जेवायला बसली.

बुधवारी ताईंनी तिसऱ्या बोअरचे चार बोल्ट काढले आणि मोटर खाली सोडली. बावीस पाइप संपले तरी पाण्याचा आवाज येईना. तेविसावा जोडला. चोविसाव्याला मोटर बुडाली. बटण दाबलं, पाच मिनिटं पाणी वाहू दिलं. ते गंजाच्या रंगाचं होतं आणि त्याला काळ्या तळ्याचा आंबट, जळका वास होता.

भावजयीनं बाटली तीनदा विसळली आणि काठोकाठ भरली. मग नव्या वहीच्या पहिल्या पानावर आणि बाटलीच्या लेबलावर ती पेन्सिलीनं सावकाश लिहू लागली. बोअर तीन, बुधवार, दुपारी चार. नमुना घेणाऱ्याच्या जागी तिनं स्वतःचं नाव लिहिलं.

खाली एक ओळ उरली होती, कुणाच्या उपस्थितीत. तिनं वही ताईंकडे दिली. ताईंनी सही केली आणि वही पाण्याच्या रांगेत मागे उभ्या असलेल्या बाईकडे दिली. तिनं सही केली. मग पुढची. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनी मोटरीच्या वंगणात अंगठा बुडवून उठवला. सगळ्यात शेवटी बॉयलरवाल्याची बायको आली, दोन्ही हातांत रिकाम्या घागरी घेऊन. तिनं त्या खाली ठेवल्या, मान वर न करता अंगठा उठवला आणि रांगेत जाऊन उभी राहिली. एका ओळीची जागा पुरली नाही. पान भरलं, तेव्हा भावजयीनं पान उलटलं.